मागं घेतलेला हात

साखळीचा. जहाजाचा नांगर वर ओढतात ना, त्या साखळीचा आवाज — खड्, खड्, खड्, मधेच थांबायचा, परत खड् — त्या दिवसाचं मला सगळ्यात आधी तेच आठवतं. तू काय विचारलंस ते कळलंय मला, फेलिसा. टाळत नाहीये मी. माझं डोकंच असं झालंय आता, आधी आवाज येतो आणि मागनं माणसं येतात. एकोणचाळीस वर्षं झाली, तरी विहिरीवर कुणी घाईनं साखळी ओढली की मी अंगणातून उठून आत जातो. तुला वाटायचं, मामाला ऊन सोसत नाही. ऊन नव्हे, बाळ. साखळी.

बस ना. नाही? बरं, उभी राहा. त्या वरच्या पायरीवर तेवढा पाय देऊ नकोस, उजवीकडून मोडलीय ती. सुतार येतो म्हणाला होता — कधी येईल तेव्हा येईल. मी आपली ही टोपली विणत बसतो, चालेल? हात रिकामे असले की मला बोलता येत नाही. झावळी आज ओलीच आहे, बरी वळते.

आलीस तेव्हाच ओळखलं मी. वाकली नाहीस. तीन वर्षांची असल्यापासून या घरात आहेस, बाहेरून आलीस की आधी माझा हात घ्यायचा, नाकाला लावायचा, 'न्योत' म्हणायचं — आणि मी म्हणायचं देव पाठीशी राहो. लग्न होऊन गेलीस तरी चुकवलं नाहीस. रागावून आलीस त्या दिवशीसुद्धा नाही, आधी हात घेतलास आणि मग भांडलीस. आज तशीच उभी राहिलीस, हातात तो कागद. कागदात काय आहे ते मी वाचलं नाही, मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. पण खालची सही माझी आहे. तेवढी ओळखतो. सिल्वेस्त्रे नापुती. बराकीत शिकवली होती एका शिपायानं, आठ दिवस लागले.

कुठं मिळाला? राहू दे, कळलं. हगात्ञाच्या सरकारी कचेरीत. आता सगळ्यांना नागरिक करतायत, जन्माचा कागद आणा म्हणतायत, आणि नव्या गव्हर्नरची माणसं जुने खोके उघडून बसलीत. मला वाटलं होतं, लढाईत तोफांनी सगळं गाव जाळलं तेव्हा कागदही जळाले असतील. जळले म्हणूनच सांगितलं होतं सगळ्यांनी. एक खोका राहिला म्हणजे. राहतो एखादा.

हा नवा गव्हर्नर कोट घालतो, बघितलंस? साधा कोट, टाय. आमच्या वेळी असं नव्हतं. आधी स्पेनचे होते, मग हे इंग्रजी बोलणारे गोरे आले, बेट त्यांचं झालं म्हणाले आणि नौदलाचा एक कप्तान बसवला. तोच फौजेचा मुख्य, तोच गव्हर्नर, तोच वरचा न्यायाधीश. सकाळी उठून हुकूम काढायचा आणि आम्ही तो गावोगाव ओरडून सांगायचा. रस्त्यात शीळ घालायची नाही, त्याचा हुकूम. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, त्याचा हुकूम. लोक म्हणायचे, उद्या कोंबड्याला बांग द्यायची तर परवाना काढावा लागेल. मी हसायचो नाही. मी गणवेशात होतो ना. चोवीस वर्षांचा, पितळी बटणं, पायात आयुष्यातले पहिले बूट. आणि मला इंग्रजी बोलता यायचं, थोडं — बाप देवमासे मारणाऱ्या गोऱ्यांच्या जहाजावर होता, त्याच्याकडून आलेलं. म्हणून मला दुभाष्या केलं. माझ्याइतका ताठ चालणारा माणूस आपल्या इनालाहानात दुसरा नव्हता. तुझी आई म्हणायची, बाबा रे, पाठीला काठी बांधलीय का? निजतोस तरी वाकून, की तसाच?

रुफिनाताई. तुला तिचा चेहरा आठवत नाही, म्हणतेस तू. मला आठवतो, पण सांगता येत नाही, हात तेवढे सांगता येतात. मोठे होते, पुरुषासारखे. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो, ती तेरा वर्षांची. बाप्तिस्म्याला मला तिनंच धरलं होतं, म्हणजे बहीणही तीच आणि धर्ममाताही तीच, म्हणून तिचा हात घ्यायचा मी. मक्याची भाकरी तव्यावर उलटायची ती नुसत्या बोटांनी. त्या हातांना मक्याचा आणि धुराचा वास यायचा. तुझा बाप दर्यावर गेला तो परत आला नाही, पण ती रडत बसली नाही, तवा चुलीवर ठेवला आणि भाकरी विकायला लागली. तू तिच्या पायापाशी रांगायचीस.

त्या साली हुकूम निघाला तो महारोग्यांचा. आधी काय होतं — त्या लोकांना पलीकडच्या किनाऱ्यावर झोपड्या बांधून दिल्या होत्या, कुंपण होतं, पण घरची माणसं जायची, कुंपणापाशी जेवण ठेवायची, लांबून का होईना पण बोलायची. कप्तान म्हणाला, हे नको. सगळ्यांना जहाजात घालून फिलिपिन्सकडच्या एका बेटावर पाठवायचं, तिथं मोठा दवाखाना आहे. तिथून परत यायचं नाही. आणि जे लपलेत त्यांना गावोगाव जाऊन शोधायचं. डॉक्टर फिरणार, बरोबर चार शिपाई आणि दुभाष्या. दुभाष्या मी.

पाणी घेतेस? नको. बरं.

इनालाहानात आम्ही सकाळी आलो. देवळापुढं मोठा नीरफणस होता तेव्हा, त्याच्या सावलीत डॉक्टरचं टेबल मांडलं. गाव सगळं रांगेत. बायका त्या वेळी झोळबाह्यांचे झगे घालायच्या, पातळ कापडाचे, हात आत ओढला तर दिसायचा नाही. मला सांगितलं, रांग सरळ कर. मी रांगेतून चाललो, आणि चालता चालता — आता काय सांगू, सवय गं — म्हातारं माणूस समोर आलं की मी वाकायचो, हात घ्यायचो, पुढं जायचो. बूट, बटणं, सगळं अंगावर असताना. डॉक्टर हसायला लागला. म्हणाला, हा काय चाललास सगळ्यांना हुंगत, कुत्र्यासारखा? शिपाई हसले. मला लाज वाटली. आणि त्या लाजेपायी मी त्याला सगळं समजावून सांगितलं — साहेब, आमच्यात मोठ्या माणसाचा हात असा घेतात. न घेणं म्हणजे अपमान. आणि मोठ्यानं हात न देणं म्हणजे तर त्याहून मोठा, माणूस तोडल्यासारखं. असं कुणी करत नाही, म्हणालो. त्याला बरं वाटलं. शहाणा माणूस होता, दुष्ट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. टिपून घेतलं त्यानं वहीत.

मग ताई आली. म्हणजे मीच तिच्यापुढं आलो. वाकलो. आणि तिनं हात मागं घेतला.

बाहीत ओढला. असा. एवढाच, पटकन. बाकी कुणी बघितलं नाही, रांगेतला माणूस पुढं बघत असतो. मी वाकलेला तसाच, हात पुढं केलेला, हातात काही नाही. वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. लहानपणी मी तव्याला हात लावायला गेलो की बघायची ना, तशी — नको रे.

मला लागू नये म्हणून गं. मला रोग लागू नये म्हणून हात दिला नाही तिनं. दुसरं काही नाही त्यात.

डॉक्टरनं मात्र बघितलं. त्यानं तर नुकतंच शिकून घेतलं होतं ना, माझ्याकडूनच. म्हणाला, या बाईनं का नाही दिला? आणि मी — कागदात आहे का ते? वाच ना. नको, नको वाचूस. मला पाठ आहे. मी म्हणालो, साहेब, ही माझी धर्ममाता आहे, नेहमी देते. एवढंच. कुणी मारलं नव्हतं मला, बंदूक रोखली नव्हती. विचारलं, मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. गणवेशात असलं की असंच होतं, प्रश्न संपायच्या आत उत्तर निघून जातं.

डॉक्टर म्हणाला, तिला हात पुढं करायला सांग. मी सांगितलं. आपल्या भाषेत सांगितलं, ताई, हात दे. आणि तिनं दिला. डॉक्टरला नव्हे — मला दिला. मीच मागतोय असं वाटलं तिला. दुभाष्या म्हणजे काय हे तिला कुठं ठाऊक, तिला आपला माझाच आवाज ऐकू आला. मनगटाच्या वर डाग होता, नाण्याएवढा, फिकट. डॉक्टरनं सुई टोचली. तिला कळलंच नाही. ती माझ्याकडेच बघत होती.

मला डाग ठाऊक नव्हता? हं. विचारलंस तर — नाही, तू काही विचारलं नाहीस, मीच म्हणतोय. ठाऊक होतं. नाताळात घरी आलो होतो तेव्हा भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला चिकटलं. वास आला मांसाचा. ती माझ्याशी बोलत राहिली, हसून, काहीतरी शेजारच्या डुकराचं सांगत होती. मी म्हणालो, ताई, बोट. तिनं बघितलं आणि झग्याच्या घोळात लपवलं. तेव्हापासून ठाऊक होतं मला. आणि तरी रांगेत मी वाकलो. का वाकलो? सवयीनं. असंच सांगत आलोय मी स्वतःला, सवयीनं.

आणि साहेबाला म्हणता आलं असतं, आमचं भांडण आहे. दोन शब्द. घराच्या हद्दीवरून, कोंबडीवरून, कशावरून तरी. बेटावर कोण भांडत नाही? तो हसला असता आणि पुढं गेला असता. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी सुचलं, जेवताना. त्यानंतर रोज सुचतं. त्या वेळी तेवढं सुचलं नाही.

रांगेतून घरी आली तशी तिला अंगणातूनच नेलं. तू चुलीपाशी होतीस. हा झगा बदलू दे म्हणाली, ते नाही म्हणाले, तिकडं देतात कपडे. मग पाद्रीबाबांनी अर्ज लिहिला, गावातल्या साठ माणसांनी अंगठे लावले — निदान आपल्याच किनाऱ्यावर ठेवा, जहाजात घालू नका. तो अर्ज मीच घेऊन गेलो, मीच उभा राहून सांगितला. सकाळी गव्हर्नर म्हणून कप्तानानं घेतला, दुपारी न्यायाधीश म्हणून ऐकला आणि संध्याकाळ व्हायच्या आत फौजेचा कप्तान म्हणून फेटाळला. खोली तीच, खुर्ची तीच, टोपी तेवढी बदलली. पाद्रीबाबांनी विचारलं, याच्यावर अपील कुणाकडे? मी साहेबाला तसं विचारलं. साहेब म्हणाला, माझ्याकडे. चांगलं बोलला, पाद्रीबाबांना पाणीही दिलं.

हात दुखायला लागले. झावळीची कड लागते आता, पूर्वी लागायची नाही.

गावात लोक विचारायला लागले, डॉक्टर नेमका रुफिनापाशीच का थांबला? नाव कुणी दिलं? मी साहेबाशी काय बोललो ते कुणाला कळलं नव्हतं, इंग्रजी होतं ना. मला विचारलं. अंगणात दहा-बारा माणसं उभी होती. मी फक्त — बेआत्रिसच्या घराकडे बघितलं. ती औषधाचा पाला देणारी म्हातारी. तेव्हा म्हातारी नव्हती. ताईच्या हाताला तीच पाला बांधायची, म्हणजे डाग तिला ठाऊक, म्हणजे नाव तिनंच दिलं असणार. हे कुणी बोललं नाही, मीही बोललो नाही. बघितलं एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे पाला न्यायला कुणी गेलं नाही.

तू तर लहानपणापासून तिच्या दारावरून जाताना थुंकायचीस. मी बघायचो. एकदा तू दहा वर्षांची असशील, तिनं तुला पेरू दिला आणि तू तो तिच्या पायापाशी टाकलास. घरी येऊन मला सांगितलंस, छाती काढून — मामा, मी नाही घेतला. आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला.

आणि मग लढाईच्या वेळी जपान्यांनी सगळ्यांना डोंगरातल्या छावणीकडे हाकललं तेव्हा. चिखल, पाऊस. बेआत्रिस चालता चालता बसली आणि तुझ्याकडे पाणी मागितलं. तुझ्याकडे करवंटीत होतं. तू तोंड फिरवलंस आणि चालत राहिलीस. मी तुझ्या मागं होतो, वीसेक पावलांवर. बघितलं मी. माझ्याकडेही पाणी होतं. मी दिलं तिला. ती प्यायली आणि मला म्हणाली, सिल्वेस्त्रे, मी नाव दिलं नव्हतं रे. मी म्हणालो, मला ठाऊक आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे? मी म्हणालो, हो. तिनं करवंटी परत दिली. छावणीत चौथ्या दिवशी गेली. तिच्यासाठी नऊ दिवस जपमाळ म्हणतात, तिला तू बसली नाहीस, आणि मीही तुला बस म्हणालो नाही.

हे सांगायचं नव्हतं मला. कागदात हे नाही. कागदात असतं तर वेगळं, पण हे नाही त्यात, आणि मी आपला सांगून बसलो. अगं, तसं नको बघूस. ते पाणी तुझ्या अंगावर नाही. ते माझं आहे. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं — आईला ज्यानं विकलं त्याला पाणी कोण देतं? तेच ना? तेच म्हणतोय मी.

कागदात आणखी एक नाही. किनारा. तेही सांगतो, आता काय राहिलंय. पिती बंदराच्या धक्क्यावर दोरी बांधली होती. दोरीच्या आत ते लोक, बाहेर घरचे, आणि दोरीला लागून आम्ही शिपाई, दहा पावलांवर एक. हुकूम — दोरी ओलांडायची नाही, शिवायचं नाही, कुणाचीही आई असो. बायका गुडघ्यावर बसून प्रार्थना म्हणत होत्या, मोठ्यानं. ताई रांगेत शेवटून तिसरी. माझ्यापुढं आली तेव्हा थांबली. आणि हात पुढं केला. दोरीवरून. डाग असलेला नव्हे, दुसरा, डावा, चांगला. बाही वर सारून पुढं धरला माझ्यापुढं, उलटा, हुंगायला धरतात तसा. एवढा जवळ होता की वाकायचंही नव्हतं, नुसती मान लववायची. मक्याचा वास येत नव्हता, कसल्यातरी औषधाचा येत होता.

मी ताठ उभा होतो. साहेब मागं होता — होता का? असेल. मी मागं वळून बघितलं नाही. समोर जहाजाकडे बघत राहिलो. किती वेळ हात धरला होता तिनं, सांगता येत नाही. मग शिपायानं तिला पुढं ढकललं, हळूच, आणि होडीत बसवलं. आणि थोड्या वेळानं ती साखळी सुरू झाली.

दोन वर्षांनी ताई तिकडंच वारली. पाद्रीबाबांना पत्र आलं. त्याच्या आधी एकदा तिकडून आलेल्या खलाशाकडे निरोप होता तिचा, तोंडी. फेलिसाच्या केसांत उवा झाल्या तर केस कापू नका, रॉकेल लावून फडकं बांधा, केस चांगले आहेत तिचे. एवढाच. माझ्याबद्दल काही नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही. मी खलाशाला दोनदा विचारलं.

रॉकेल लावलं मी. कापले नाहीत. आहेत अजून चांगले.

झाली बघ टोपली, काठ तेवढा राहिला. तू आज माझा हात घेतला नाहीस, ते बरोबर केलंस. मी काही देणारही नव्हतो, म्हणून तर तू आलीस तेव्हापासून दोन्ही हात या झावळीत घालून बसलोय. बघ. तुला नाही म्हणायला लागू नये. तिनं ओढला होता ना बाहीत, तसंच समज हवं तर — नाही, तसं नाही ते. तिचं वेगळं होतं. माझ्या तोंडात शोभत नाही. आता वर्षानुवर्षं गावातली सगळी पोरं येतात, न्योत म्हणतात, मी देव पाठीशी म्हणतो, मला काही होत नाही. म्हणजे काहीच होत नाही. पण तू आलीस की —

कागद इथं ठेवतेस? बरं. ठेव. मी काय करणार त्याचं, मला वाचता —

फेलिसा.

उजवी बाजू मोडलीय. डावीकडून उतर, बाळ, डावीकडून.